सहा सिलिंडर आणि एक कापलेला नळ: जतन केलेल्या डब्ल्यूडीएम-2 लोकोतल्या अनोळखी यंत्रांची ओळख

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शैक्षणिक संस्थेच्या आवारात, रुळांच्या छोट्या तुकड्यावर, डब्ल्यूडीएम-2 जातीचा एक डिझेल लोको उभा आहे. सेवेतून काढल्यावर तो तिथे आणला, बाहेरून रंगवला, चाकांपुढे पाचरी ठोकल्या. पुढची काही वर्षं मुलं त्याच्यासमोर फोटो काढत राहिली. हूडचे, म्हणजे यंत्रांवरच्या लोखंडी आवरणाचे, दरवाजे मात्र बंदच होते.

मराठीत आपण अख्ख्या गाडीलाही इंजिन म्हणतो आणि तिच्या आतल्या डिझेल यंत्रालाही. घोळ नको म्हणून या लेखात पूर्ण वाहनाला लोको म्हटलं आहे आणि आतल्या यंत्राला इंजिन.

डब्ल्यूडीएम-2 म्हणजे ब्रॉडगेजवरचा, डिझेलवर चालणारा, प्रवासी आणि माल अशा दोन्ही गाड्या ओढणारा दुसऱ्या जातीचा लोको. मूळ रचना अमेरिकेच्या अल्को कंपनीची. पहिले लोको 1962 मध्ये तिथून आले, आणि जानेवारी 1964 मध्ये वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समधून 18040 क्रमांकाचा पहिला लोको बाहेर पडला. तो आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. पुढे या जातीचे अडीच हजारांहून जास्त लोको बनले. पोटात अल्को 251बी हे सोळा सिलिंडरचं व्ही आकाराचं इंजिन, बोअर 228.6 मिमी, स्ट्रोक 266.7 मिमी, शक्ती 2600 अश्वशक्ती. नॉचनुसार, म्हणजे ड्रायव्हरने निवडलेल्या वेगाच्या पायरीनुसार, ते मिनिटाला 400 ते 1000 फेरे घेतं. इंजिन जनरेटर फिरवतं, जनरेटरची वीज चाकांपाशी बसवलेल्या सहा ट्रॅक्शन मोटरांना जाते आणि त्या चाकं फिरवतात.

संस्थेने ठरवलं की हूडचे दरवाजे उघडायचे, आत दिवे लावायचे आणि प्रत्येक यंत्रापाशी मराठीत पाटी लावायची. यांत्रिकी शाखेचे तीन विद्यार्थी, विद्युत शाखेचे एक शिक्षक आणि आवाराच्या देखभालीचे पर्यवेक्षक असा पाच जणांचा गट नेमला गेला. सहा आठवड्यांची मुदत होती. इंजिन सुरू करायचं नव्हतंच, ते कित्येक वर्षांपासून जाम होतं.

अडचण

पहिल्याच शनिवारी गटाच्या लक्षात आलं की इंजिन, जनरेटर, रेडिएटर, कॅब आणि बॅटरीच्या पेट्या सोडल्या तर कुणालाच काही खात्रीने सांगता येत नाही. कागद म्हणाल तर हातात दोनच: लोको ताब्यात देतानाची यादी आणि शेडमधल्या (लोकोच्या दुरुस्तीच्या कारखान्यातल्या) कुठल्याशा शेड्यूलच्या, म्हणजे ठरावीक तपासणीच्या, नोंदीची एका पानाची झेरॉक्स. बहुतेक नावाच्या पट्ट्या निघून गेल्या होत्या. पितळेची पट्टी भंगारात चार पैसे देते, त्यामुळे सर्वांत आधी तीच जाते. उरलेल्या पट्ट्यांवर रंगाचे इतके थर होते की अक्षरं बुजून गेली होती.

अनोळखी गोष्टींत एक सगळ्यांत मोठी होती. इंजिनाच्या ज्या टोकाला जनरेटर नाही, त्या टोकापुढे वेगळ्या कप्प्यात सहा सिलिंडरचं एक यंत्र होतं. त्याला स्वतःची मोटर नव्हती, इंजिनाच्या शाफ्टवरूनच कपलिंगने ते फिरत असणार हे दिसत होतं. दोन सिलिंडरना जोडलेले नळ पुढे हवेच्या टाक्यांकडे जात होते, म्हणजे हा कॉम्प्रेसर, हवा दाबणारं यंत्र. मग उरलेले चार सिलिंडर कशाचे? त्यांच्याकडून निघणारा जाड नळ थोडा पुढे जाऊन कापलेला होता आणि तोंडावर लोखंडी चकती वेल्ड केलेली होती.

गटाचा पहिला अंदाज: हा जुळा कॉम्प्रेसर आहे, चार सिलिंडर राखीव ठेवलेले असतील. तशी पाटी छापूनही घेतली. हीच या प्रकरणातली मुख्य चूक, आणि ती पटण्याजोगी वाटली म्हणूनच झाली. विमानात, रुग्णालयात, पाणीपुरवठ्यात राखीव यंत्रं असतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण एकाच क्रँकशाफ्टवरचे चार सिलिंडर राखीव कसे राहतील? शाफ्ट फिरला की सहाही दट्टे फिरणार. राखीव यंत्र म्हणजे वेगळं थांबवता येणारं यंत्र. हा प्रश्न पहिल्या दिवशी कुणी विचारला नाही.

दुसरी अनोळखी वस्तू ब्रेकच्या व्हॉल्व्हच्या रांगेत होती: पसरट, जड, डायफ्रामचा (लवचीक पडद्याचा) असावा असा एक व्हॉल्व्ह. त्याला एका बाजूला बारीक नळ्या होत्या, दुसऱ्या बाजूला जाड नळ, आणि शिवाय जाळीची एक टोपी. तिसरी, रेडिएटर पंख्याकडे जाणाऱ्या शाफ्टवरचा गोल डबा, ज्यात विजेच्या तारा शिरत होत्या. चौथी, छोट्या मोटरला जोडलेला बंद पंखा. याखेरीज शॉर्ट हूडच्या, म्हणजे कॅबपलीकडच्या आखूड आवरणाच्या, आत शेगडीच्या तारांसारख्या पट्ट्यांचे मोठे गठ्ठे होते, त्यांना सगळे हीटर म्हणत होते.

समोर असलेले पर्याय

सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे मोबाइलवर फोटो काढून एखाद्या निवृत्त फिटरला विचारणं. पर्यवेक्षकांच्या ओळखीत असे एक काका होते, त्यांनी डिझेल शेडमध्ये उमेदीची वर्षं काढली होती. धोका असा की आठवण आणि फोटो दोन्ही फसवतात. ते पुढे दिसेलच.

दुसरा मार्ग होता खोलून बघण्याचा. विद्यार्थ्यांना याचीच ओढ होती, आणि तसं वाटणं स्वाभाविक आहे. पण जतन केलेल्या यंत्रात खोलणं हा शेवटचा उपाय असतो. गॅस्केट फाटतं आणि ते पुन्हा मिळत नाही. गंजलेला स्टड तुटतो आणि भोक पाडून काढावा लागतो. ज्या वस्तूचं नावच माहीत नाही, तिच्यात कुठे स्प्रिंग दाबलेली आहे हेही माहीत नसतं. ब्रेकच्या व्हॉल्व्हमध्ये अशा स्प्रिंगा असतात आणि झाकणाचे बोल्ट सैल होताच त्या तोंडावर येतात.

तिसरा मार्ग, याच जातीच्या लोकोचे आराखडे मिळवून ताडून बघणं. उपयोगी, पण तीन दशकांहून अधिक काळ बनत राहिलेल्या आणि शेडमध्ये वेळोवेळी बदलत गेलेल्या लोकोत आराखडा आणि प्रत्यक्ष यंत्र जुळेलच असं नाही. आराखड्यात आहे म्हणून समोरच्या वस्तूला ते नाव देणं म्हणजे उत्तर आधी ठरवून मग गणित मांडणं.

चौथा मार्ग वेळखाऊ होता: एकेका नळाचा, तारेचा आणि शाफ्टचा शेवटपर्यंत माग काढायचा. कशाने फिरतं, आत काय येतं, बाहेर काय जातं, एवढंच लिहायचं आणि नाव सर्वांत शेवटी द्यायचं.

गटाने चौथा मार्ग मुख्य धरला, पहिला आणि तिसरा पडताळणीसाठी ठेवले, आणि खोलण्यावर पूर्ण बंदी घातली. सहा आठवडे पुरणार नाहीत हे मान्य करून मुदत वाढवून घेतली. हा निर्णय बरोबर होता, फक्त तो पाट्या छापण्याआधी व्हायला हवा होता.

आत शिरण्याआधी

बॅटरी आधीच काढलेली होती, तरी बॅटरीचा मुख्य नाइफ स्विच उघडा असल्याची खात्री करून त्यावर खूणचिठ्ठी बांधली. मुख्य हवेच्या टाक्यांचे निचरा कॉक उघडून ठेवले. आतून हवा नाही, पण गंजाचं तपकिरी पाणी बराच वेळ ठिबकत राहिलं. हँडब्रेक लावला, पाचरी पुन्हा ठोकल्या. एग्झॉस्ट मॅनिफोल्डभोवतीचं जुनं वेष्टण असबेस्टॉसचं आहे असंच धरून चालायचं आणि त्याला हात लावायचा नाही, असं ठरलं. ते प्लॅस्टिकच्या जाड कापडाने झाकलं. कबुतरांची विष्ठा पाणी मारून, मास्क लावून काढली, कोरडी झाडली नाही. एकट्याने आत जायचं नाही हा नियम शेवटपर्यंत पाळला गेला.

माग कसा काढला

प्रत्येक अनोळखी वस्तूला तारेने अॅल्युमिनियमचा बिल्ला बांधला. वस्तूवर खडूने किंवा रंगाने काहीही लिहायचं नाही. बिल्ल्याच्या क्रमांकासमोर तक्त्यात सात रकाने होते: कॅबपासूनचं अंतर आणि बाजू, कशाने फिरतं किंवा चालतं, आत काय येतं, बाहेर काय जातं, खुणा आणि अक्षरं, अंदाज, आणि खात्री. खात्रीचे तीन दर्जे ठरवले. दोन स्वतंत्र पुरावे असतील तर "पक्कं", एकच असेल तर "बहुधा", नुसतं दिसण्यावरून असेल तर "अंदाज". काकांची आठवण हा एक पुरावा, आराखडा हा एक, नळाचा माग हा एक.

नळ मोजायला व्हर्नियर सगळीकडे पोहोचत नाही, म्हणून शिंप्याची टेप वापरली. नळाभोवती टेप गुंडाळून परीघ घ्यायचा. 2 इंची नळाचा बाहेरचा व्यास 60.3 मिमी, म्हणजे परीघ साधारण 189 मिमी. सव्वा इंची नळाचा व्यास 42.2 मिमी, परीघ 132 ते 133 मिमी. रंगाच्या थरांनी दोन-तीन मिलिमीटर वाढतात, तरी दोन मापांत इतका फरक आहे की गल्लत होत नाही. या एका युक्तीने निम्मं काम झालं. हवेच्या ब्रेकचा मुख्य नळ सव्वा इंची होता. चार सिलिंडरकडून येणारा तो कापलेला नळ 2 इंची होता.

नळ भिंतीमागे किंवा फरशीखाली गेला की दुसऱ्या टोकाला एकाने कान लावायचा आणि पहिल्याने लाकडी मुठीने हलके ठोके द्यायचे. जिथे तोंड उघडं सापडलं तिथून मोबाइलला जोडायचा छोटा एंडोस्कोप कॅमेरा आत घातला. अशा पद्धतीने 2 इंची नळ लोकोच्या दोन्ही टोकांच्या बफर बीमपर्यंत (टोकाच्या आडव्या तुळईपर्यंत) पोहोचतो हे सिद्ध झालं. बफर बीमवर तिथे काय होतं? रंगाखाली एक गोल उंचवटा. जवळून, तिरप्या उजेडात पाहिल्यावर कळलं की एक उभा नळ कापून त्यावर चकती बसवली आहे. शेजारी हवेच्या ब्रेकच्या दोन नळांचे, ब्रेक पाइपचा हिरवा आणि फीड पाइपचा पांढरा, होज कॉक जागच्या जागी होते.

पहिला निर्णायक टप्पा: फोटो

दरम्यान सहा सिलिंडरच्या यंत्राचे चार फोटो काकांना पाठवले गेले. त्यांनी एका फोटोवरून लगेच सांगितलं, "ही पंख्याची क्लच." गटाने तसं लिहूनही टाकलं. दोन दिवसांनी काकांचाच फोन आला.

"पोरांनो, तो फोटो कॅबकडे तोंड करून काढलाय की रेडिएटरकडे?"

"कॅबकडे, काका."

"मग मी उलटं सांगितलं. तो एक्सप्रेसर आहे. क्लच तुमच्या पाठीमागे असणार."

फोटो इतक्या जवळून काढले होते की दिशा कळायला काही वावच नव्हता. त्यानंतर फोटोचा नियम बदलला. प्रत्येक वस्तूचा पहिला फोटो दाराबाहेरून, दुसरा हाताच्या अंतरावरून, तिसरा जवळून. तिन्हींत पुठ्ठ्याचा बाण कॅबच्या दिशेने ठेवायचा आणि 15 सेंमीची पट्टी शेजारी.

एक्सप्रेसर हा शब्द मिळाल्यावर कोडं सुटू लागलं. कॉम्प्रेसर आणि एक्झॉस्टर या दोन शब्दांची सांगड घालून केलेला हा शेडमधला रोजचा शब्द आहे. एकाच क्रँकशाफ्टवर दोन सिलिंडर हवा दाबतात आणि चार सिलिंडर हवा ओढून बाहेर टाकतात. या जातीच्या लोकोवर सर्रास असणाऱ्या 6सीडी4यूसी या यंत्राची रचना अशीच असते.

दुसरा निर्णायक टप्पा: "एक्झॉस्टर" कोणता?

शेड्यूलच्या त्या झेरॉक्सवर एक ओळ होती: "एक्झॉस्टर ब्लँक केला." म्हणजे त्याचा नळ चकती लावून बंद केला. गटाने सुरुवातीला हिचा संबंध चौथ्या अनोळखी वस्तूशी, म्हणजे छोट्या मोटरवरच्या पंख्याशी लावला होता. कारण आराखड्यात तिथे क्रँककेस एक्झॉस्टर असं नाव होतं. इंजिनाच्या क्रँककेसमध्ये तेलाची वाफ आणि दट्ट्यांजवळून गळलेला वायू साठतो. तो बाहेर काढायचं काम हा पंखा करतो. नाव जुळलं, म्हणून खात्रीच्या रकान्यात "पक्कं" लिहिलं गेलं.

मग प्रत्यक्ष पाहणी केली, तर त्या पंख्याचे दोन्ही नळ मोकळे. एक क्रँककेसकडून येतो, दुसरा छताबाहेर जातो, कुठेही चकती नाही. ज्याला ब्लँक केलं म्हणतात ते इथे नव्हतंच. आता दोन वाटा होत्या. कागद चुकीचा आहे म्हणून सोडून द्यायचा, किंवा आपलं वाचन चुकलं असं धरून पुन्हा शोधायचं. पर्यवेक्षकांचा आग्रह दुसऱ्या वाटेचा होता. शेडमधला माणूस केलेलं काम लिहितो, न केलेलं काम लिहायला त्याला वेळ नसतो, असं त्यांचं म्हणणं. ते बरोबर निघालं.

डब्ल्यूडीएम-2 मध्ये एक्झॉस्टर दोन आहेत. एक क्रँककेसचा, दुसरा एक्सप्रेसरमधला. ब्लँक केला होता तो दुसरा. वेल्ड केलेली चकती त्याच्याच नळावर होती.

आता पुरावे एका रांगेत लागले. कॉम्प्रेसरच्या दोन सिलिंडरांमध्ये दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर होता, त्यांच्या डोक्यांवर अनलोडरची बारीक तांब्याची नळी जात होती. टाकी भरली की कॉम्प्रेसर बंद करता येत नाही, शाफ्ट तर फिरतच असतो. म्हणून या नळीतून हवा सोडून त्याचे व्हॉल्व्ह उघडे धरतात आणि दाब साधारण 8 ते 10 किलो प्रति चौ. सेंमी या पट्ट्यात राखतात. उरलेल्या चार डोक्यांवर अशी नळी नव्हती, त्यांच्यामध्ये इंटरकूलर नव्हता, आणि त्यांचा बाहेर जाणारा मार्ग कुठल्याही टाकीकडे न जाता थेट वातावरणात उघडत होता. हवा साठवायची नसेल तर ती ओढायची तरी कशाला? व्हॅक्यूमसाठी.

व्हॅक्यूम का हवा होता

गाडीच्या व्हॅक्यूम ब्रेकची तऱ्हा हवेच्या ब्रेकच्या उलट असते. गाडीभर जाणाऱ्या नळातून हवा काढून घेतली की ब्रेक सुटतात, नळात हवा शिरली की लागतात. जुन्या डब्यांत साखळी ओढल्यावर जो सुस्कारा ऐकू येई, तो नळात शिरणाऱ्या हवेचा. वाफेच्या लोकोवर हा व्हॅक्यूम वाफेच्या इजेक्टरने तयार होई. डिझेल लोकोत वाफच नाही, म्हणून दट्ट्यांचा एक्झॉस्टर लागला. अमेरिकेत गाड्या हवेच्या ब्रेकवर चालत असल्याने अल्कोच्या मूळ रचनेला हा प्रश्न नव्हता. भारतातल्या गाड्यांसाठी लोकोवर हवा आणि गाडीत व्हॅक्यूम अशी जोड तयार झाली. इंजिनापाशी 53 सेंमी पारा इतका व्हॅक्यूम राखायचा, हे त्या काळातल्या प्रत्येक ड्रायव्हरला पाठ असे.

1980 च्या दशकापासून बॉक्सएन वाघिणींसारख्या मालगाड्या हवेच्या ब्रेकवर येत गेल्या, पुढे प्रवासी गाड्याही. मधल्या काळात एकाच लोकोला आज व्हॅक्यूमची गाडी, उद्या हवेची, असं करावं लागे. त्यासाठीची दुहेरी ब्रेकव्यवस्था म्हणजे 28 एलएव्ही-1. आवारातला हा लोको त्या दुहेरी काळातून गेलेला आणि नंतर फक्त हवेवर आणलेला निघाला. कापलेला नळ, चकत्या, बफर बीमवरचा उंचवटा, सगळं त्या बदलाचंच.

ज्या जागेचा आधी कुणी विचारच केला नव्हता तिथून शेवटचा पुरावा मिळाला. ड्रायव्हरच्या डेस्कवर मीटरच्या ओळीत एक गोल पत्रा स्क्रूने बसवलेला होता. मागून पाहिलं तर दोन बारीक नळ्यांची तोंडं दाबून बंद केलेली. त्यातली एक टॉर्च आणि ठोक्यांच्या साह्याने 2 इंची नळापर्यंत नेता आली. इथे व्हॅक्यूमचा मीटर होता.

तिसरा निर्णायक टप्पा: रंग खरवडायचा की नाही

डायफ्रामच्या पसरट व्हॉल्व्हबद्दल दोन मतं होती. एक मत, हा हवेच्या ब्रेकचाच रिले व्हॉल्व्ह. दुसरं, हा व्हीए-1बी, म्हणजे ड्रायव्हरच्या ए-9 या ब्रेक हँडलने बदललेला हवेचा दाब ओळखून गाडीतला व्हॅक्यूम कमीजास्त करणारा व्हॉल्व्ह. खोलायचं नाही हे ठरलेलं. ओतीव अक्षरं असतील तर रंगाखाली. पण रंगाचे थर हाही पुरावाच असतो. कोणत्या काळात कोणता भाग बदलला हे थर सांगतात, आणि एकदा काढले की गेले.

तडजोड अशी झाली की मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला 3 बाय 3 सेंमीचा एकच चौकोन, तोही धारदार पात्याने नाही तर जेलच्या रंगनाशकाने, एकेक थर भिजवून लाकडी काडीने काढायचा. प्रत्येक थराचा फोटो घ्यायचा. तीन थर निघाले आणि खाली ओतीव लोखंड गुळगुळीत लागलं. अक्षरं नव्हती, चौकोन वाया गेला.

उत्तर जाळीच्या टोपीने दिलं. हवेच्या ब्रेकचा व्हॉल्व्ह हवा बाहेर सोडतो, बाहेरची हवा आत घेण्याचं त्याला कारण नाही. व्हॅक्यूमच्या नळात मात्र ब्रेक लावताना बाहेरची हवाच आत सोडायची असते, आणि ती धुळीसकट गेली तर व्हॉल्व्हची बैठक खराब होते. म्हणून तोंडाशी गाळणी. टोपी जागेवरच ठेवून एंडोस्कोपने पाहिलं. जाळीच्या बाहेरच्या अंगाला धुळीचा दाट थर होता, आतली बाजू जवळजवळ स्वच्छ. हवा कोणत्या दिशेने जात होती हे त्या धुळीने सांगितलं.

खातरी करण्यासाठी पायपंपाने 2 इंची नळात अगदी किंचित, 0.1 किलो प्रति चौ. सेंमीपेक्षा कमी दाबाची हवा सोडली आणि व्हॉल्व्हच्या जाड नळाच्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं. बुडबुडे आले. नळ आणि व्हॉल्व्ह एकमेकांना जोडलेले आहेत हे पक्कं झालं. मुख्य टाक्यांत हवा भरून पाहावी अशीही सूचना आली होती, ती नाकारली. इतक्या जुन्या गंजलेल्या टाकीत हायड्रॉलिक चाचणीशिवाय दाब भरायचा नसतो. टाकी फुटली तर तुकडे माणसं मारतात.

बाकीच्या वस्तू

पंख्याच्या शाफ्टवरचा गोल डबा म्हणजे एडी करंट क्लच. स्लिप रिंगा आणि कार्बन ब्रश दिसल्यावर शंका उरली नाही. कॉइलमध्ये प्रवाह सोडला की एक ढोल दुसऱ्याला चुंबकीय ओढीने फिरवतो, मध्ये घर्षण नाही. पाणी तापेल तसा प्रवाह वाढवून पंखा आधी हळू, मग पूर्ण वेगाने फिरतो.

शॉर्ट हूडमधले "हीटर" हे डायनॅमिक ब्रेकचे रोधक. उतारावर ट्रॅक्शन मोटरा जनरेटरसारख्या वापरून त्यांची वीज या पट्ट्यांत जाळतात. केबलची जाडी पाहूनच शिक्षकांनी ते ओळखलं. कॅब गरम करायला इतकी जाड केबल कुणी टाकत नाही.

निष्पन्न

एक्सप्रेसर, व्हीए-1बी, क्लच, क्रँककेस एक्झॉस्टर आणि रोधक हे पाचही "पक्कं" या दर्जाने नोंदले गेले. जुळ्या कॉम्प्रेसरची पाटी काढली. नवी पाटी अशी आहे: "एक्सप्रेसर. सहापैकी दोन सिलिंडर लोकोच्या ब्रेकसाठी हवा दाबत. चार सिलिंडर गाडीच्या नळातली हवा ओढून घेत, म्हणून ब्रेक सुटत. गाड्या हवेच्या ब्रेकवर आल्यावर या चारांचा नळ कापून बंद केला. कापल्याची खूण डावीकडे पाहा."

कापलेला नळ जोडून, बफर बीमवर व्हॅक्यूमचा होज लावून लोको "मूळ रूपात" आणावा असा प्रस्ताव पुढे आला. त्यावर बरीच चर्चा झाली. शेवटी चकत्या आहेत तशाच ठेवल्या, कारण हा लोको शेवटी ज्या रूपात चालला ते हेच. होज कुठे होता हे दाखवायला शेजारी उभ्या फलकावर रेखाचित्र लावलं. डेस्कवरचा गोल पत्राही काढला नाही.

एक बिल्ला अजून "अंदाज" या दर्जावर आहे: रेडिएटर कप्प्यात, फ्रेमला वेल्ड केलेला रिकामा ब्रॅकेट. त्यावर काही बसवलेलं होतं हे बोल्टच्या भोकांभोवतीच्या घासलेल्या कडांवरून कळतं. त्याच्या पाटीवर भोकांची मापं छापली आहेत आणि ओळखणाऱ्याने कार्यालयात सांगावं अशी विनंती.

पुन्हा करायचं झालं तर

पाट्या सर्वांत शेवटी छापाव्यात. त्याआधी दोन महिने साध्या कागदावर हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या लावून ठेवाव्यात, म्हणजे बघायला येणारा जाणकार सहज चूक दाखवतो. छापलेल्या पाटीवर कुणी शंका घेत नाही.

काकांना फोनवर त्रास देण्यापेक्षा एकदा गाडी पाठवून प्रत्यक्ष आणायला हवं होतं. ते आले ते अगदी शेवटी, आणि अर्ध्या तासात त्यांनी तीन वस्तूंना हात लावून नावं सांगितली. पण आधी माग काढलेला असल्यामुळे त्यांचं एक नाव चुकीचं असल्याचं गटाला तिथेच दाखवता आलं. त्यांनीही वाकून नळ पाहिला आणि मान्य केलं. तेव्हा क्रम तोच ठेवावा, आधी माग, मग माणूस, फक्त मधलं अंतर कमी करावं.

सर्वांत मोठं नुकसान मात्र या गटाच्या आधीचं आहे. लोको आणला तेव्हा रंगारी ठेकेदाराने हूडच्या आतूनही रसायनाने धुऊन सरसकट एकच रंग मारला होता. शेडमध्ये टाक्यांवर चाचणीची तारीख आणि पुढच्या तपासणीची तारीख स्टेन्सिलने रंगवतात. ती अक्षरं पुसली गेली. एका टाकीच्या तळाशी, जिथे रंगाऱ्याचा ब्रश पोहोचला नव्हता, तेवढाच एक आकडा अर्धवट शिल्लक आहे. त्यावर आता पारदर्शक पत्रा लावला आहे.